सासू-सासरे येणार आहेत, खात्यात ६४० पौंड जमा आहेत: वीज-गॅसचा हप्ता कमी करावा का?

पत्राचा सारांश: इंग्लंडच्या मध्य भागातील एका शहरातून एका वाचक भगिनीने लिहिले आहे. पती-पत्नी दोघेही नोकरी करतात, मुलगा प्राथमिक शाळेत आहे आणि तीन बेडरूमचे घर गॅसच्या बॉयलरवर गरम होते. वीज आणि गॅस या दोन्हींसाठी दरमहा १९० पौंडांचा डायरेक्ट डेबिट (बँक खात्यातून आपोआप कापला जाणारा हप्ता) जातो. सप्टेंबरअखेरीस पुरवठादाराच्या ॲपवर खात्यात ६४० पौंड जमा दिसत आहेत. गेल्या वर्षी याच सुमारास ८० पौंड होते. वर्षभरात ११,००० युनिट (किलोवॅट-तास) गॅस आणि २,९०० युनिट वीज वापरली गेली. करारानुसार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत गॅसचा दर युनिटला ६ पेन्स, विजेचा २६ पेन्स आणि दोन्हींचा स्टँडिंग चार्ज (वापर असो वा नसो, रोज लागणारा स्थिर आकार) मिळून दिवसाला ८४ पेन्स असा आहे. गेल्या डिसेंबर-जानेवारीत हे कुटुंब पाच आठवडे साताऱ्याला गेले होते. यंदा नोव्हेंबर ते एप्रिल सासू-सासरे त्यांच्याकडे राहायला येत आहेत. त्यांच्या तिकिटांसाठी ६४० पौंड परत घ्यावेत आणि हप्ता १४० पौंडांवर आणावा, असे या भगिनींना वाटते. ‘थंडी तोंडावर आली आहे, असू देत’ असे पतींचे म्हणणे आहे. पैसे मागितले तर कंपनी नाराज होईल आणि आपली पत बिघडेल, अशी धास्तीही त्यांनी व्यक्त केली आहे.

तुम्ही आकडे इतके नीट कळवले आहेत की तुमच्या प्रश्नाला मोघम उत्तर द्यावे लागणार नाही. ते आकडे एकदा मांडून पाहिले की तुम्ही दोघेही थोडे बरोबर आणि थोडे चूक आहात, असे दिसते. पण त्याआधी ‘६४० पौंड आमचे आहेत आणि कंपनीने ते अडकवून ठेवले आहेत’ हे जे तुम्ही गृहीत धरले आहे, त्याकडे पाहू. पैसे तुमचेच आहेत, याबद्दल दुमत नाही. मात्र सप्टेंबरअखेरीस दिसणारी सगळी शिल्लक ही जास्तीची रक्कम नसते. ठरावीक रकमेचा डायरेक्ट डेबिट म्हणजे वर्षभराच्या अंदाजे खर्चाचे बारा समान हप्ते होत. एप्रिल ते सप्टेंबर हीटिंग जवळजवळ बंद असल्याने हप्ता खर्चापेक्षा जास्त पडतो आणि खात्यात रक्कम साठते. ऑक्टोबर ते मार्च खर्च हप्त्याच्या पुढे जातो आणि साठलेली रक्कम संपते. म्हणून सप्टेंबरअखेरीस खाते सर्वांत भरलेले आणि मार्चअखेरीस सर्वांत रिकामे असते, आणि तुम्ही नेमके पहिल्या टोकाला उभे राहून हा प्रश्न विचारत आहात.

आपल्याकडे महावितरणचे बिल दर महिन्याच्या प्रत्यक्ष वापरावर येते आणि कंपनीकडे वेगळी सुरक्षा ठेव असते, जिच्यावर व्याजही मिळते. त्या सवयीमुळे इथल्या खात्यातील जमेकडेही आपण नकळत ठेव म्हणून पाहतो, आणि तुमच्या पतींच्या ‘असू देत’मागे कदाचित तेच असावे. परंतु इथली जमा रक्कम ही ठेव नाही. ती आगाऊ भरलेली रक्कम आहे आणि तिच्यावर सर्वसाधारणपणे व्याज मिळत नाही. त्यामुळे थंडीसाठी लागणार आहे तेवढी तिथे असणे योग्य, त्यापलीकडची तिथे पडून राहण्यात तुमचा काहीच फायदा नाही.

आता खरोखर जास्तीचे किती, ते पाहू. त्यासाठी एका महिन्याची शिल्लक पाहण्याऐवजी दोन वर्षांची त्याच महिन्यातील शिल्लक शेजारी ठेवावी. गेल्या सप्टेंबरात ८० आणि या सप्टेंबरात ६४०, म्हणजे वर्षभरात तुम्ही खर्चापेक्षा ५६० पौंड जास्त भरले. तुमच्या वापराला तुमचे दर लावले तर ६६० पौंडांचा गॅस, ७५४ पौंडांची वीज आणि सुमारे ३०७ पौंड स्टँडिंग चार्ज असा वर्षाचा १,७२१ पौंड खर्च निघतो. बारा हप्त्यांत तुम्ही २,२८० पौंड भरले आहेत. हिशेब तंतोतंत जुळतो. इथवर तुमची तक्रार रास्त आहे: १९० पौंडांचा हप्ता जास्तच आहे.

पण त्या १,७२१ पौंडांत एक मोठी फट आहे आणि ती तुमच्याच पत्रात आहे. वर्षातील सर्वांत थंड पाच आठवडे घर बंद होते. त्या दिवसांत तुम्ही घरी असता तर बॉयलर सकाळ-संध्याकाळ चालला असता. कमीत कमी १,५०० युनिट गॅस आणि २०० युनिट वीज वाढली असती असे धरू. मग नेहमीच्या वर्षाचा वापर १२,५०० युनिट गॅस आणि ३,१०० युनिट वीज असा होतो आणि खर्च १,८६३ पौंडांवर जातो. त्याचे बारा भाग केले तर महिन्याला सुमारे १५५ पौंड येतात. १४० पौंड हा आकडा तुम्ही गेल्या वर्षाच्या बिलांवरून काढला असावा. भारतात जाऊन आलेल्या वर्षाला नेहमीचे वर्ष समजणे ही आपल्या घरांत फार सहज होणारी गफलत आहे आणि तिचा परिणाम पुढच्या फेब्रुवारीत दिसतो.

साधारण अंदाजाने यातील सुमारे ७०० पौंड उन्हाळ्याच्या सहा महिन्यांत खर्च होतात आणि १,१६५ पौंड थंडीच्या सहा महिन्यांत. १५५ पौंडांचे सहा हप्ते ९३० पौंड होतात. म्हणजे एरवीच्या थंडीतही सप्टेंबरअखेरीस खात्यात २३५ पौंड असायलाच हवेत, नाहीतर मार्चमध्ये खाते उणे जाईल.

त्यात सासू-सासरे येणार. आज तुमचे घर सकाळी साडेआठपासून संध्याकाळी पाचपर्यंत रिकामे असते आणि हीटिंग बंद असते. नोव्हेंबरपासून घरात दिवसभर माणसे असतील, आणि तीही आयुष्यभर साताऱ्याच्या हवेत राहिलेली वयस्कर माणसे. थंडीतील गॅस एक तृतीयांशाने, म्हणजे ३,२५० युनिटांनी वाढला तर १९५ पौंड वाढतील. स्वयंपाक, दिवे, टीव्ही, दुपारचा चहा यांची ३०० युनिट वीज धरली तर आणखी ७८ पौंड. म्हणजे २७३ पौंड. हा अंदाज आहे, आणि तो कमी धरण्यापेक्षा थोडा जास्त धरलेला बरा. २३५ आणि २७३ मिळून ५०८ पौंड थंडीसाठी बाजूला राहिले. ६४० मधून ते वजा जाता १३२ पौंड उरतात. आज निर्धास्तपणे परत मागण्याजोगी रक्कम तेवढीच आहे.

तुमचा मार्ग स्वीकारला, म्हणजे सगळे ६४० काढून हप्ता १४० केला, तर मार्चअखेरीस खाते सुमारे ६०० पौंड उणे होईल. पुरवठादार तोवर थांबणार नाही. जानेवारी-फेब्रुवारीत तो हप्ता वाढवायला सांगेल आणि तेव्हाचा हप्ता आजच्या १९० पेक्षाही मोठा असू शकेल. पतींचा मार्ग स्वीकारला, म्हणजे काहीच बदलले नाही, तर पाहुण्यांचा सगळा खर्च धरूनही पुढच्या सप्टेंबरात खात्यात सुमारे ७८० पौंड असतील. म्हणजे ‘थंडी येते आहे’ हे कारण खरे असले तरी १९० पौंडांच्या हप्त्याचे ते समर्थन नव्हे. मी तुमच्या जागी असतो तर १३० पौंड परत मागितले असते, हप्ता १५५ वर आणला असता आणि उरलेले ५१० थंडीसाठी तसेच राहू दिले असते. मार्चअखेरीस खाते जवळपास शून्यावर येईल आणि ते तसे येणे हेच बरोबर आहे. तिकिटांचा सगळा भार यातून भागणार नाही, हे मला कळते. पण दरमहा वाचणारे ३५ पौंड त्यासाठी बाजूला काढता येतील.

मात्र हा सगळा हिशेब मीटरचे आकडे खरे असतील तरच खरा. विजेचा स्मार्ट मीटर आपोआप रीडिंग पाठवतो असे तुम्ही लिहिले आहे, गॅसच्या मीटरबद्दल काहीच लिहिलेले नाही. अनेक घरांत विजेचा मीटर व्यवस्थित बोलत असतो आणि गॅसच्या मीटरचा संपर्क मधूनच तुटलेला असतो. मग गॅसचे बिल महिनोन्महिने अंदाजावर निघते आणि ॲपवर दिसणारी जमा रक्कम खरी नसते. बिलावर रीडिंगच्या शेजारी ते प्रत्यक्ष आहे की अंदाजित, हे लिहिलेले असते. ते पाहा. नंतर मीटरच्या पेटीपाशी जाऊन स्वतः आकडे टिपा: जुन्या धाटणीच्या मीटरवर काळे आकडे घ्यायचे आणि लाल सोडून द्यायचे, स्मार्ट मीटरवर दशांशचिन्हापुढचे सोडायचे. फोनवर फोटोही काढून ठेवा. इथे एक लक्षात ठेवायला हवे की गॅसचा नवा मीटर घनमीटर मोजतो आणि बिल किलोवॅट-तासांत येते. एक घनमीटर म्हणजे साधारण ११ किलोवॅट-तास. कंपनीचा अंदाज प्रत्यक्षापेक्षा २०० घनमीटरने कमी असेल तर तुमच्या दराने तो जवळजवळ १३२ पौंडांचा फरक झाला, म्हणजे आपण मघाशी मोठ्या काटेकोरपणे काढलेली जास्तीची रक्कम पूर्णपणे नाहीशी होईल. म्हणून आधी रीडिंग द्या, सुधारित बिल येऊ द्या आणि मगच पैसे मागा. अंदाजित आकड्यांवर परतावा मागितला तर पुरवठादारही बहुधा हेच सांगेल.

आता तुमच्या भीतीबद्दल. खात्यातील जमा रक्कम मागणे म्हणजे उपकार मागणे नव्हे. ग्रेट ब्रिटनमध्ये, म्हणजे इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्समध्ये, पुरवठादारांवर ऑफजेम या नियामकाचे परवाना-नियम बंधनकारक असतात (उत्तर आयर्लंडचा नियामक वेगळा आहे). ठरावीक हप्ता हा उपलब्ध असलेल्या सर्वांत चांगल्या आणि ताज्या माहितीवर बेतलेला असला पाहिजे, तो कसा काढला हे ग्राहकाला सोप्या भाषेत सांगितले पाहिजे आणि ग्राहकाने मागितल्यास जमा रक्कम परत केली पाहिजे, असे ते नियम सांगतात. रक्कम न देण्याला वाजवी कारण असेल तर पुरवठादार नाही म्हणू शकतो, पण ते कारण त्याला सांगावे लागते. ‘थंडी येते आहे’ हे कारण तुम्ही सगळे ६४० मागितल्यास वाजवी ठरू शकेल. १३० मागितल्यास, आणि सोबत वर दिलेला हिशेब जोडल्यास, ते टिकणे अवघड आहे. काही पुरवठादार एखाद्या महिन्याच्या हप्त्याएवढी रक्कम खात्यात राहू द्या असे सांगतात. तुमच्या खात्यात तर त्याहून कितीतरी जास्त राहणार आहे.

पैसे परत मागण्याने पत बिघडत नाही. पत बिघडते ती हप्ता चुकल्याने किंवा थकबाकी राहिल्याने. म्हणूनच एक गोष्ट मात्र करू नका: कंपनीशी बोलणे टाळण्यासाठी बँकेच्या ॲपमधून डायरेक्ट डेबिट परस्पर रद्द करू नका. ओळखीतल्या कोणीतरी तसे सुचवलेले असते आणि ते सोपेही वाटते, पण त्यामुळे तुम्ही बिल आल्यावर पैसे भरणाऱ्या ग्राहकांत गणले जाऊ शकता, आणि तो प्रकार सहसा डायरेक्ट डेबिटपेक्षा महाग असतो. हप्ता बदलायचा तो पुरवठादाराकडेच, ॲपवरून, फोनवर किंवा लिहून. लिहून कळवणे उत्तम, कारण पुढे वाद झाला तर तारीख हाताशी असते. मजकूर साधा असावा: आजची दोन्ही रीडिंग, गेल्या बारा महिन्यांचा वापर, तुम्ही काढलेला वार्षिक खर्च, मागणी केलेली रक्कम, नवा हप्ता, आणि हे मान्य नसेल तर तुमचा हिशेब कळवा अशी विनंती. उत्तर पटले नाही तर रीतसर तक्रार नोंदवा; आठ आठवड्यांत निकाल लागला नाही, किंवा कंपनीने त्याआधीच ‘आमचे हेच अंतिम उत्तर’ असे लेखी कळवले, तर एनर्जी ओम्बड्समन या स्वतंत्र तक्रार-निवारण संस्थेकडे जाता येते आणि त्यासाठी ग्राहकाला पैसे पडत नाहीत.

कंपनीच बुडाली तर काय, हा प्रश्न तुम्ही विचारलेला नाही, पण अनेक वाचकांच्या मनात तो असतो आणि तो निराधारही नाही. २०२१ मध्ये घाऊक गॅसचे दर भडकल्यावर पंचवीसहून अधिक पुरवठादार बंद पडले आणि बल्ब ही मोठी कंपनी त्याच वर्षी नोव्हेंबरात विशेष प्रशासनाखाली (म्हणजे पुरवठा चालू ठेवण्यासाठी नेमलेल्या प्रशासकांच्या ताब्यात) गेली. त्या वेळी घरगुती ग्राहकांची जमा रक्कम ऑफजेमच्या सुरक्षा-व्यवस्थेमुळे वाचली आणि ती नव्या पुरवठादाराकडे वर्ग झाली. त्यामुळे पैसे बुडतील म्हणून घाईने सगळे काढून घेण्याची गरज नाही. मात्र त्या रकमा भरून काढण्याचा बोजा शेवटी सर्वच ग्राहकांच्या बिलांवर आला, आणि म्हणून गरजेपेक्षा जास्त पैसा पुरवठादाराकडे पडून राहू नये असे मला मनापासून वाटते.

आणखी एक पर्याय आहे, तो तुमच्या घरात चालेल का ते तुम्हीच ठरवा. काही पुरवठादार ठरावीक हप्त्याऐवजी प्रत्यक्ष वापराएवढीच रक्कम दरमहा डायरेक्ट डेबिटने घेतात. जमा-उणे हा प्रश्नच मग उरत नाही आणि जास्तीचे पैसे तुमच्या बचत खात्यात, व्याज मिळवत राहतात. पण तुमच्या घरात उन्हाळ्यात महिन्याला सरासरी ११६ पौंड आणि येत्या थंडीत सरासरी २४० पौंड खर्च असेल, आणि जानेवारीचे बिल त्या सरासरीच्याही वर जाईल. नाताळच्या खर्चामागोमाग ते पेलणारी शिस्त असेल तर हा पर्याय चांगला. या वर्षी, घरात पाहुणे असताना, मी तो सुचवणार नाही.

सासू-सासऱ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला आवश्यक वाटते, कारण या पत्रातील खरी काळजी तिथे आहे. आपल्या घरांतली मोठी माणसे मुलांचा खर्च वाढू नये म्हणून गुपचूप थर्मोस्टॅट खाली करतात आणि शाल गुंडाळून बसून राहतात. पासष्टीच्या पुढच्या माणसांनी घरातील बसण्या-उठण्याच्या खोल्या किमान १८ अंश सेल्सिअसवर ठेवाव्यात, असा इंग्लंडच्या आरोग्य यंत्रणेचा सल्ला आहे. रक्तदाब, दमा किंवा हृदयाचा त्रास असेल तर तो अधिकच पाळायला हवा. म्हणून २७३ पौंड आधीच बाजूला काढलेले आहेत, हे त्यांना पहिल्याच आठवड्यात सांगा. ‘बिलाचे आम्ही पाहून घेऊ’ एवढ्याने त्यांचा विश्वास बसत नाही. आकडा सांगितला की बसतो. दिवसा ते ज्या खोलीत बसतील ती आणि त्यांची बेडरूम गरम ठेवून बाकीच्या खोल्यांच्या रेडिएटरचे व्हॉल्व्ह कमी करता येतील. त्यांच्या खोलीत प्लगवर चालणारा हीटर मात्र शक्यतो ठेवू नका. दोन किलोवॅटचा हीटर दिवसाला पाच तास चालला तर १० युनिट वीज लागते, म्हणजे तुमच्या दराने २ पौंड ६० पेन्स आणि महिन्याला ७८ पौंड; तुमच्याकडे विजेचे युनिट गॅसच्या युनिटापेक्षा चौपटीहून महाग आहे. आपण सहा महिन्यांसाठी धरलेली विजेची सगळी वाढ तो हीटर एका महिन्यात संपवेल.

तुमच्यासारख्याच इतर वाचकांसाठी काही गोष्टी. हप्ता ठरावीक असणे आणि दर ठरावीक असणे वेगवेगळे आहे. ज्यांचा दर करारबद्ध नाही, त्यांचे दर ऑफजेमच्या कमाल मर्यादेबरोबर जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये बदलू शकतात. ती मर्यादा दरांना असते, एकूण बिलाला नाही. त्यांनी वरचा हिशेब प्रत्येक बदलानंतर पुन्हा करावा. ज्या फ्लॅटमध्ये गॅस नाही आणि सगळे विजेवर चालते, तिथे उन्हाळा आणि थंडी यांतील तफावत त्या महाग दराने मोजली जाते, त्यामुळे सप्टेंबरअखेरची शिल्लक अधिक असणे साहजिक आहे. पुरवठादाराने हप्ता बदलल्यास पैसे जाण्याआधी त्याची आगाऊ सूचना मिळायला हवी. ती मिळाली नाही किंवा चुकीची रक्कम गेली तर डायरेक्ट डेबिट हमीनुसार बँकेकडे दाद मागता येते.

आणि जे नोकरी संपवून कायमचे भारतात परतत आहेत, त्यांनी घर सोडण्याच्या दिवशी दोन्ही मीटरचे फोटो काढावेत, तेच आकडे पुरवठादाराला आणि घरमालकाला कळवावेत आणि यूकेतील बँक खाते लगेच बंद करू नये. अंतिम बिल सहसा सहा आठवड्यांत येते आणि जमा रक्कम त्यानंतर परत मिळते. खाते बंद असल्यामुळे काही शे पौंड मिळवण्यासाठी पुण्यातून महिनोन्महिने ईमेल करत बसण्याची वेळ येऊ नये.

तुमच्या बाबतीत पुढची पाहणी मेच्या पहिल्या आठवड्यात करा. तोवर सासू-सासरे परतलेले असतील आणि हीटिंग बंद झालेले असेल. दोन्ही मीटरचे रीडिंग द्या आणि शिल्लक पाहा. पन्नास पौंड इकडे-तिकडे असतील तर १५५ चा हप्ता तसाच चालू द्या. खाते शंभराहून जास्त उणे असेल तर ते उन्हाळ्याच्या हप्त्यांतून बऱ्याच अंशी आपोआप भरून निघेल, म्हणून हप्ता वाढवण्याआधी कंपनीला तसे कळवून पाहा. आणि शंभराहून जास्त जमा असेल तर तीही रक्कम लगेच परत मागा, कारण समोर उन्हाळा असताना थंडीचे कारण कोणी पुढे करू शकणार नाही.